मंत्रिमहोदय, यंत्र ‘नाही’ म्हणालं तर तिकडच्या बाईनं दाद कुठे मागायची?

माननीय परराष्ट्रमंत्री, भारत सरकार,
आणि मंत्रालयाच्या विकास भागीदारी प्रशासनातील अधिकारीवर्ग यांस,

सविनय नमस्कार.

हे पत्र मी टपालानंही पाठवते आहे. पण टपालाच्या पत्राची पोच मिळते, उत्तर मिळेलच असं नाही. म्हणून ते चारचौघांसमोरही ठेवते.

फेब्रुवारी २०२६ मध्ये नवी दिल्लीत, भारत मंडपममध्ये एआय इम्पॅक्ट समिट भरली. याआधीच्या अशा परिषदा ब्लेचली, सोल, पॅरिसला झाल्या, त्यानंतर हा मान पहिल्यांदाच आपल्या बाजूच्या, म्हणजे ज्यांना हल्ली ग्लोबल साउथ म्हणतात त्या देशांपैकी एकाला मिळाला. अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. पण त्या आठवड्यात टीव्हीसमोर बसलेली असताना एक सूर सारखा कानावर पडत होता, तो काही पचला नाही. आधार दिलं, यूपीआय दिलं, आता एआयही देऊ. आफ्रिकेला देऊ, शेजाऱ्यांना देऊ, आणि त्यातून जगात आपलं वजन वाढेल. देण्याला माझा विरोध नाही. ही यंत्रणा कशी देणार, कोणाच्या हिशेबावर देणार आणि बिघडली तर तिकडच्या माणसानं कोणाचं दार वाजवायचं, याबद्दल मात्र कोणीच काही बोललं नाही. त्यासाठी हे पत्र.

मी कोण, हे आधी सांगते. पुण्यातल्या एका प्रशिक्षण संस्थेत मी अकरा वर्षं परदेशी सरकारी अधिकाऱ्यांना संगणकाचे अभ्यासक्रम शिकवले. तुमच्याच ‘आयटेक’ कार्यक्रमाखाली. १५ सप्टेंबर १९६४ ला सुरू झालेला हा कार्यक्रम. तिकीट आपलं, राहणं-जेवण आपलं, शिकवणारे आपले. माझ्या मते भारतानं परदेशात पैसा खर्च करून केलेल्या कामांपैकी हे सगळ्यात कमी गाजावाजाचं आणि सगळ्यात टिकाऊ काम आहे. ती नोकरी सुटल्यावर गेली काही वर्षं मी घरी बसून आवाज उतरवते. म्हणजे लोकांच्या बोलण्याच्या छोट्या छोट्या फिती येतात, यंत्रानं त्या ऐकून मराठीत काहीतरी लिहिलेलं असतं आणि ते बरोबर आहे की नाही हे मी कानाला हेडफोन लावून तपासते. दोन्ही कामांचा पैसा फिरत फिरत सरकारी तिजोरीतूनच आला. त्यामुळे ज्या दोन टोकांबद्दल मी बोलते आहे, ती दोन्ही टोकं मी हातात धरलेली आहेत.

आधी हेडफोनच्या टोकाची गोष्ट.

विदर्भातल्या एका शेतकऱ्याची फीत होती. मागे कोंबडी ओरडते आहे, लांबून मोटरसायकल जाते आहे. तो म्हणतो, “पऱ्हाटी लाल पडून राह्यली जी.” कपाशीवर लाल्या रोग आला आहे, एवढंच त्याचं म्हणणं. यंत्रानं लिहिलं होतं, “पराठे लाल पडून राहिले जी.” मी हसले, दुरुस्त केलं, पुढे गेले. पुढच्या फितीत पुन्हा पराठे. तिसऱ्यात ‘पराठी भाजी’. त्या आठवड्यात वऱ्हाडीच्या जेवढ्या फिती आल्या, त्यांत कापूस कुठेही उगवला नाही, सगळीकडे पराठेच भाजले जात होते. कळवलं. काम देणाऱ्या कंत्राटदाराकडून (नाव घेत नाही, कारण हे एकट्याचं दुखणं नाही) उत्तर आलं, की अशा फितींवर ‘आवाजाचा दर्जा खराब’ अशी खूण करा आणि बाजूला टाका. आवाजाचा दर्जा उत्तम होता. खराब होता तो यंत्राचा कान. पण तासांचं उद्दिष्ट पूर्ण करायचं होतं, वऱ्हाडीपायी ते अडत होतं. मी खुणा केल्या. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण केल्या. पैसे मिनिटावर मिळत होते.

हे आपल्या देशात, आपल्या भाषेत. तपासायला मराठी माणूस बसवलेला असताना. आता हेच यंत्र कोणी चिचेवा बोलणाऱ्या मलावीतल्या शेतकऱ्यापुढे ठेवलं आणि त्यावर तिरंगा छापला, तर त्याचे पराठे कोण पकडणार?

दुसरं टोक वर्गातलं. पूर्व आफ्रिकेतल्या एका देशाच्या कृषी खात्यातल्या बाई आमच्याकडे सहा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला आल्या होत्या. वयानं माझ्याएवढ्याच. वर्गात नेहमी मागच्या बाकावर, वहीत बारीक अक्षरात टिपणं काढत. एके दिवशी पाहुणे वक्ते आले. खतांचं अनुदान कोणाला द्यायचं हे यंत्र आपोआप कसं ठरवतं, त्याचं त्यांनी पडद्यावर झकास प्रात्यक्षिक दाखवलं. हिरवा ठिपका म्हणजे पात्र, लाल म्हणजे अपात्र. टाळ्या झाल्या. बाईंनी हात वर केला. म्हणाल्या, “लाल ठिपका आलेली बाई माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहील. मी तिला काय सांगू?” वक्ते म्हणाले, पद्धतीची अचूकता फार चांगली आहे. बाई म्हणाल्या, “ते मी लिहून घेतलं. पण ती समोर उभी आहे.” मग चहाच्या सुट्टीत मला सांगत होत्या, की त्यांच्या कचेरीत तीन देशांनी दिलेली तीन सॉफ्टवेअरं आहेत आणि तिन्हींचे मुख्य पासवर्ड त्या-त्या देशांत आहेत. चौथं भारताचं येणार का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आलंच तर पासवर्ड तुमच्याकडे राहील. कशाच्या जोरावर म्हटलं कोण जाणे. तेव्हा मनापासून वाटलं होतं.

तेव्हा दिलेला तो शब्द आता तुमच्याकडे वसुलीला घेऊन आले आहे. माझ्या तक्रारी अशा.

१. हिशेब दिसत नाही.

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तुमच्या मंत्रालयाला २०,५१६ कोटी रुपये मिळाले. परदेशांना द्यायच्या मदतीच्या पानावर देशवार ओळी आहेत: भूतान २,१५० कोटी, मग नेपाळ, मालदीव, मॉरिशस, आफ्रिकी देश. धरण किती, पूल किती, सॉफ्टवेअर किती, हे त्या ओळींतून कळत नाही. रस्त्याच्या बाबतीत ते एकवेळ चालून जातं, कारण रस्ता डोळ्यांना दिसतो. खड्डा पडला तर गावकऱ्यालाही दिसतो. यंत्र कोणत्या कचेरीतल्या कोणत्या संगणकात बसून कोणाचं नाव गाळतं आहे, हे ओळ वाचून कसं कळणार? दुसरीकडे ७ मार्च २०२४ ला मंजूर झालेलं १०,३७१.९२ कोटींचं इंडियाएआय मिशन आहे, ते इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे. २०२३ मध्ये जी-२० च्या वेळी जाहीर झालेला, विकसनशील देशांत डिजिटल व्यवस्था उभारण्यासाठीचा सोशल इम्पॅक्ट फंड आहे, त्यात भारतानं सुरुवातीचे अडीच कोटी डॉलर घालायचं ठरवलं. इकडचं तयार झालेलं तिकडे जाताना नेमकं कोणत्या खिशातून जातं आणि शेवटी जबाबदारी कोणाच्या नावावर पडते, हे एका जागी कुठेही लिहिलेलं मला सापडलं नाही.

२. विचारायचं दार दोन्ही बाजूंनी बंद आहे.

ही माझी मुख्य तक्रार, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माहितीचा अधिकार कायदा, २००५. कलम ३ म्हणतं, सर्व नागरिकांना माहितीचा अधिकार असेल. नागरिकांना. म्हणजे माझ्या त्या कृषी खात्यातल्या बाईंना, किंवा त्यांच्या टेबलासमोर उभ्या असलेल्या बाईला, भारत सरकारला काही विचारायचा अधिकार नाही. ठीक. मग मी विचारते, मी तर नागरिक आहे. तर कलम ८(१)(अ) आडवं येतं: परराष्ट्राशी असलेल्या संबंधांना बाधा येईल अशी माहिती देणं बंधनकारक नाही. शिवाय परदेशी सरकारकडून विश्वासानं मिळालेली माहितीही देणं बंधनकारक नाही, ते कलम ८(१)(फ). लोकहित मोठं असेल तर माहिती देता येते, असं पोटकलम २ म्हणतं. कागदावर आहे ते. एका सरकारी कार्यालयात (तुमचं मंत्रालय नव्हे) मी एकदा अगदी साधा अर्ज टाकला होता: परदेशी दिलेल्या एका संगणक प्रणालीची चाचणी कोणत्या भाषांत झाली? चाचणीचा निकाल मागितला नव्हता, फक्त भाषांची नावं. तिसाव्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं, त्यात हेच कलम. भाषेचं नाव सांगितल्यानं कोणत्या देशाशी मैत्री तुटते, हे मला आजतागायत उमगलेलं नाही. मुद्दा त्या माहिती अधिकाऱ्याचा नाही, त्या बिचाऱ्यानं समोर होतं ते कलम उचललं. मुद्दा असा की परदेशात यंत्रं पाठवणं हा आता परराष्ट्र संबंधांचा भाग झाला, म्हणून यंत्राबद्दलचा प्रत्येक प्रश्न आपोआप गोपनीय ठरतो.

आता दुसरा कायदा घ्या. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. या कायद्यानं तुम्हा-आम्हाला काही हक्क दिले आहेत: माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे ते सांगा, चुकली असेल तर दुरुस्त करा, काढून टाका, तक्रार ऐका. पण कलम १७(१)(ड) वाचा. भारताबाहेरच्या माणसाची माहिती, भारताबाहेरच्या कोणाशी केलेल्या कराराखाली, भारतात बसून कोणी हाताळत असेल, तर हे हक्क लागू नाहीत. माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी उरते, पण ‘माझं नाव चुकलंय, दुरुस्त करा’ असं म्हणायचा हक्क उरत नाही. ही सवलत आपल्या आउटसोर्सिंग कंपन्यांची सोय म्हणून ठेवली, हे समजतं. पण सरकारनं स्वतः पैसे देऊन मैत्री म्हणून पाठवलेल्या यंत्रणेलाही तीच सवलत? आणि कामकाज सगळं तिकडेच चालत असेल तर आपला कायदा तिथपर्यंत पोचतच नाही. शिवाय कलम १७(२)(अ) आहेच: केंद्र सरकार ज्या सरकारी यंत्रणेचं नाव अधिसूचित करील, तिला पूर्ण सूट. कारणांची यादी पाहिलीत तर त्यात सुरक्षितता आहे, सार्वजनिक सुव्यवस्था आहे, आणि ‘परराष्ट्रांशी मैत्रीपूर्ण संबंध’ हेही आहे.

म्हणजे एका कायद्यात मैत्री हे माहिती न देण्याचं कारण, दुसऱ्यात मैत्री हे हक्क न देण्याचं कारण. ज्याच्याशी मैत्री करायची त्याच्याच वाट्याला हे यावं?

आपल्याकडेही यंत्रानं घोळ घातले आहेत, ते मी विसरलेले नाही. तेलंगणात संगणकाच्या निष्कर्षांवर भिस्त ठेवून १९ लाखांच्या आसपास रेशनकार्डं रद्द झाली, आणि त्यांची प्रत्यक्ष जाऊन फेरतपासणी करा असं एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. उशिरा का होईना, इथे कोर्ट होतं, वकील होते, बातमी झाली, आमदाराच्या दारात जाऊन बसता येत होतं. परदेशातल्या बाईला आपला आमदार नाही. तिचं मत तुमच्या निवडणुकीत नाही. तिच्या देशाचं सरकार बहुधा करारावर सही करून मोकळं झालेलं असेल आणि देणाऱ्याला नाराज करायला कचरत असेल.

३. पैसा थांबला की काय होतं, याचा विचार नाही.

१९८५ साली, इथिओपियातल्या भीषण दुष्काळानंतर, अमेरिकेनं दुष्काळाची पूर्वसूचना देणारं एक जाळं उभारलं, फ्यूज नेट. उपग्रहांवरून पाऊस, बाजारांतून धान्याचे भाव, गावांतून माणसं, या सगळ्याची गोळाबेरीज करून कुठे उपासमार येणार ते महिनोन्महिने आधी सांगायचं. जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये सरकार बदललं, परदेशी मदत गोठवली गेली आणि काही दिवसांत हे जाळं बंद पडलं. पुढे ते काही प्रमाणात परत सुरू झालं, पण त्या मधल्या महिन्यांत ज्यांचा कारभार त्या अंदाजांवर चालत होता त्यांनी काय करायचं? सोमालियात कोणी मतदान केलं नव्हतं.

आणि याहून वाईट म्हणजे, पैसा थांबल्यावरही यंत्र चालू राहिलं तर. अफगाणिस्तानात आपण संसदेची इमारत बांधली, डिसेंबर २०१५ मध्ये तिचं उद्घाटन झालं. हेरातमधलं सलमा धरण जून २०१६ मध्ये पूर्ण झालं. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडलं. संसद ओस पडली. धरणात पाणी अजून साठतं आणि ज्याची सत्ता असेल त्याच्या शेताला जातं. वाईट वाटतं, पण त्या इमारतीमुळे कोणी पकडला गेला नाही. त्याच देशात इतर परदेशी पैशातून बोटांचे ठसे, डोळ्यांची बुबुळं यांच्या नोंदी ठेवणाऱ्या यंत्रणा उभ्या राहिल्या होत्या. त्या तालिबानच्या हाती गेल्या आणि जुन्या सरकारात काम केलेल्या माणसांना त्यातून हुडकून काढता येईल, असा इशारा ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेनं मार्च २०२२ मध्ये दिला. त्यातल्या एकीचा हेतू तर पगार नीट वाटण्याचा होता. निघून जाताना दिवा घालवायचा असतो, तेवढंही कोणी केलं नाही.

श्रीलंकेच्या डिजिटल ओळखपत्राच्या प्रकल्पाला आपण अनुदान देतो आहोत. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याची ४५ कोटी रुपयांची आगाऊ रक्कम दिली. तिकडे त्यावरून राजकारण तापलं, आमच्या लोकांची माहिती भारताच्या हाती जाणार का, असे प्रश्न विचारले गेले. नाही जाणार, असं तिकडच्या सरकारला सांगावं लागलं. ते खरंच असेल. मग करारातली ती कलमं तुम्ही आपणहून का छापत नाही? खुलासा आपल्या मित्राला करायला लावण्यात कसली मैत्री?

४. पोलिसांच्या कामाची यंत्रं.

याबद्दल थोडक्यात. चेहरा ओळखणारी यंत्रं, गर्दीवर नजर ठेवणारी यंत्रं, कोण काय लिहितो ते चाळणारी यंत्रं ‘विकास सहकार्य’ या नावाखाली जाणार नाहीत, असं तुमचं लेखी धोरण असेल तर ते मी पाहिलेलं नाही. असेल तर दाखवा, मी जाहीर माफी मागीन.

आता तुमच्या बाजूनं काय म्हणता येईल, तेही मांडते. मी वर्गात नेहमी दोन्ही बाजू मांडायला लावायची.

एक म्हणजे, बाकीचे करताहेत. करताहेत, खरंच. २३ जुलै २०२५ ला अमेरिकेच्या अध्यक्षांनी आदेश काढला, की चिपपासून मॉडेलपर्यंत सगळा अमेरिकी संच एकत्र बांधून मित्रदेशांना निर्यात करायचा आणि त्याला सरकारी अर्थसाहाय्याची जोड द्यायची. तीन दिवसांनी, २६ जुलैला, शांघायमध्ये चीनच्या पंतप्रधानांनी जागतिक एआय सहकार्य संघटना काढू या असा प्रस्ताव ठेवला. दोघं हातगाडी घेऊन एकाच गल्लीत शिरल्यासारखे. अशा वेळी आपण घरी बसायचं का? मुळीच नाही. पण तिसरी हातगाडी घेऊन त्याच गल्लीत ओरडायचं असेल तर आपला आवाज त्या दोघांपुढे चालणार नाही, तेवढा पैसा आपल्याकडे नाही. आपल्याकडे असलेली एकच गोष्ट त्या दोघांकडे नाही. आपण घेणाऱ्याच्या जागी उभे राहिलेलो आहोत.

पीएल-४८० चा गहू, म्हणजे अमेरिकेनं मदत म्हणून पाठवलेला गहू, माझ्या आईला आठवत होता. १९६५-६६ च्या दुष्काळात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी जहाजं महिन्यामहिन्याच्या बोलीवर सोडली, व्हिएतनामबद्दल आपण काय बोलतो ते बघून. ७२ च्या दुष्काळातली रेशनवरची लाल मिलो ज्वारी तर माझ्या घरी अजून शिवीसारखी वापरतात. आणि गाजर गवत! १९५५ च्या सुमारास पुण्यात त्याची पहिल्यांदा नोंद झाली. आमच्याकडे कोणालाही विचारा, म्हणेल, अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं. पीएल-४८० चा करार ऑगस्ट १९५६ चा, म्हणजे तारखा जुळत नाहीत. तरी सत्तर वर्षं लोक त्या गव्हालाच दोष देतात. त्या गव्हानं लाखो लोक जगले, ते कोणाच्या लक्षात नाही. ज्या मदतीबद्दल प्रश्न विचारता आला नाही, तिची आठवण अशी गवतासारखी उगवते. भारताच्या एआयबद्दल आणखी तीस वर्षांनी मलावीच्या राजधानीत, लिलाँग्वेत, काय म्हणतील, याचा परराष्ट्र धोरण ठरवणाऱ्यांनीच विचार करायचा, मी नाही.

फुकट मिळालेलं नाकारायचं धाडसही आपणच दाखवलं होतं. फेसबुकनं फ्री बेसिक्स आणलं, गरिबांना फुकट इंटरनेट, मात्र आम्ही ठरवू तेवढंच. ८ फेब्रुवारी २०१६ ला आपल्या दूरसंचार नियामकानं, ट्रायनं, असे वेगवेगळे दर बंद केले. तेव्हा आपल्याला कोणी कृतघ्न म्हटलं असेल. आपण म्हटलं, अटी आम्हाला कळल्या पाहिजेत. आता तेच तिकडच्यांनी म्हटलं तर?

दुसरं म्हणजे, चांगलं कामही झालं आहे. झालं आहेच. २००९ मध्ये सुरू झालेलं पॅन आफ्रिकन ई-नेटवर्क मी जवळून पाहिलं आहे. उपग्रहावरून इथला डॉक्टर तिथल्या डॉक्टरशी बोलायचा. चित्र अडकायचं, आवाज मागे राहायचा, एकदा अर्धा तास नुसतंच ‘ऐकू येतंय का’ चाललं होतं. पण दोन्ही पडद्यांवर माणूस होता. एक्स-रे कळला नाही तर तिकडचा डॉक्टर म्हणू शकत होता, “पुन्हा सांगा.” मला तेवढंच हवं आहे, यंत्राच्या काळातही.

म्हणून माझ्या मागण्या. त्यांना वेगळा कायदा लागत नाही, मंत्रालयाचं एक परिपत्रक पुरेल.

भारताच्या सार्वजनिक पैशातून परदेशात बसवल्या जाणाऱ्या प्रत्येक एआय प्रणालीची नोंद मंत्रालयानं जाहीर ठेवावी: देश, रक्कम, कोणत्या खात्यातून, कोणती कंपनी, कशासाठी, कोणत्या भाषांत तपासली, तपासणाऱ्यांत तिथले लोक किती होते. निकाल चांगला नसला तरी छापावा. करारातली माहितीच्या मालकीची, साठवण्याच्या जागेची आणि पासवर्ड कोणाकडे राहील त्याची कलमं त्यासोबत असावीत. बाकी करार हवा तर झाका.

बसवण्याआधी त्या देशातल्या माणसांकडून, त्यांच्या बोलीत, पगार देऊन तपासणी करून घ्यावी. मिनिटावर नको, महिन्यावर द्या. आणि ज्या बोलीत यंत्र चुकतं, ती ‘खराब आवाज’ म्हणून वगळली तर त्या बोलीच्या भागात ते बसवूच नये.

डेटा कायद्यातले दुरुस्तीचे आणि तक्रारीचे हक्क, कायद्यानं सूट असली तरी, या प्रकल्पांना करारातूनच लागू करावेत. आपली सूट आपण वापरायचीच असं बंधन कुठे आहे? प्रत्येक देशात, तिथल्या भाषेत बोलणारा, नाव आणि फोन नंबर असलेला, जिवंत माणूस तक्रारीसाठी असावा. यंत्राचा निर्णय थांबवायचा अधिकार त्याच्याकडे असावा. त्याच्याकडे आलेल्या तक्रारींची संख्या दरवर्षी संसदेपुढे ठेवावी.

प्रकल्पाच्या पैशातला ठरावीक भाग पहिल्याच दिवशी वेगळा काढावा: सरकार बदललं, पैसा थांबला, सत्ता उलथली, तर यंत्र त्यांच्या हाती सुरळीत सोपवायला, किंवा माहितीसकट पुसून टाकायला.

पाळत ठेवणाऱ्या यंत्रांवर आपला पैसा लागणार नाही, हे लेखी जाहीर करावं.

आणि आयटेकला हात लावू नका. उलट त्यातच हे शिकवा. तिकडच्या अधिकाऱ्यांना यंत्र वापरायला नको, यंत्र उघडून बघायला, त्याला नापास करायला शिकवू. मी निवृत्त आहे, पण त्या वर्गासाठी परत येईन. फुकट येईन. पाहुण्या वक्त्यांना मात्र मागच्या बाकावर बसवायचं, एवढी अट.

त्या बाईंचा मेल मला अजून अधूनमधून येतो. गेल्या वेळी त्यांनी विचारलं होतं, चौथं सॉफ्टवेअर कधी येतं आहे. मी अजून उत्तर लिहिलेलं नाही. या पत्राला तुमचं उत्तर आलं की त्यातलाच मजकूर त्यांना पाठवीन. मराठीत पाठवा, हिंदीत पाठवा, इंग्रजीत पाठवा. कलम ८(१)(अ) तेवढं पाठवू नका, ते माझ्याकडे आहे.

आपली विश्वासू,
आयटेकची एक माजी शिक्षिका, पुणे